सातपुड्यात ज्वालामुखी? मग आधी हे वाचा

‘सातपुडा हा झोपलेला ढाल-ज्वालामुखी आहे. तोरणमाळचा यशवंत तलाव हे त्याचं तोंड. उनपदेवचं पाणी तापलंय, स्फोट जवळ आलाय, सरकार लपवतंय.’ व्हॉट्सअ‍ॅपवर हे फिरत होतं तोवर मी दुर्लक्ष केलं. पण परवा शिरपूरहून मावशीचा फोन: ‘पोऱ्याले तठून लयी ये.’ तिचा नातू तोरणमाळला निवासी शाळेत, दहावीला. या भंपक मेसेजपायी त्याची शाळा बुडवायची?

आधी उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याचं बोलू, कारण घबराट त्यानेच पसरली आहे. पाणी तापायला खाली लाव्हा उकळत असावा लागत नाही. जमिनीत खोल जाल तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं, आणि हे जगात जवळपास सगळीकडे. पावसाचं पाणी भेगांतून एक-दोन किलोमीटर खाली उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून झपाट्याने वर येतं. तापीच्या खोऱ्यात अशा भेगा भरपूर. वज्रेश्वरीला पिढ्यान्‌पिढ्या लोक कढत पाण्यात अंघोळ करतात, तिथे कोणता डोंगर फुटला?

आता ढाल-ज्वालामुखी. हवाईचा मौना लोआ बघा: पातळ लाव्हा मधल्या भागातून सगळीकडे ओघळून थरावर थर चढतात आणि मंद उताराचा, ढालीसारखा पसरट डोंगर होतो. सातपुडा तसा नाही. नर्मदा आणि तापी यांच्यामधली ती लांबलचक रांग आहे. यशवंत तलाव म्हणजे पठारावरचं पाणी, विवर नव्हे.

आपल्याकडचा काळा पाषाण लाव्हाचाच, एवढं मात्र मान्य करावं लागेल. पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो एका तोंडातून नव्हे, लांबच लांब भेगांतून आला. धुळे-नंदुरबार भागात शेतांमधून भिंतीसारख्या सरळ जाणाऱ्या काळ्या टेकड्या पाहिल्यात ना? त्या म्हणजे भेगांत थिजलेला लाव्हा. रे, शेठ आणि मलिक या भूशास्त्रज्ञांनी २००७ साली या टेकड्यांचा अभ्यास छापला: एक किलोमीटरहून लांब अशा २१० भिंती, सर्वांत लांब ७९ किलोमीटर. केव्हाच थंड झालेल्या.

गंमत म्हणजे खराखुरा ढाल-ज्वालामुखी हवाच असेल तर तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ म्हणतात, आपला लाव्हा जमिनीखोलच्या ज्या उष्ण ठिकाणावरून आला, ते आज त्या बेटाखाली आहे. भारताचा भूखंड तिथून केव्हाच उत्तरेला सरकला.

भूकंपाची भीती घाला, ती मी ऐकेन. १९३८ साली सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. पण मेसेजमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही! मेसेजसोबतच्या फोटोत मात्र लाव्हाशेजारी नारळाची झाडं आहेत. तोरणमाळला नारळ?

राहिलं सरकारने लपवण्याचं. भारताचा जिवंत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. १९९१ पासून तो अनेकदा धुमसला आणि त्याच्या बातम्याही छापून आल्या. आपल्यापासून तो दोन हजार किलोमीटरांहून लांब आहे.