तपकिरी डागाचा मेमो

आज एका हॉस्पिटलचं ड्रेसकोडचं नवं सर्क्युलर वाचलं आणि डोकंच फिरलं. नर्सेसनी फुल बाह्यांचा पांढरा कोट घालायचा, मनगटाचं बटण लावलेलंच पाहिजे, डाग दिसला की मेमो. पहिला मेमो निघालासुद्धा. आयसीयूतल्या एका सिस्टरला, कफवर तपकिरी डाग म्हणून.

अहो, तो मळ नाही! क्लोरहेक्सिडिनचा हँडरब, म्हणजे हातावर चोळायचं जंतुनाशक, कफला लागतो. तोच कोट पांढराशुभ्र व्हावा म्हणून ब्लीचमध्ये घातला की दोन्हींचं मिळून तपकिरी होतं, मग घासत बसा. म्हणजे त्या बाईला मेमो कशाबद्दल, तर हात स्वच्छ ठेवले आणि कोट धुतला म्हणून.

हँडरब २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६०, आणि मनगटं त्यात आलीच. बटण लावलेल्या कफातून मनगट चोळून दाखवा बरं! कफ भिजतो, आणि तोच ओला कफ पुढच्या पेशंटच्या सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला, टेकतो. इंग्लंडने २००७ मध्येच कोपराखाली बाही नको, घड्याळ नको म्हणून सांगितलं. घड्याळ छातीवर टाचायचं, झालं. आपण अजून बाह्या लांब करतोय.

हां, सिस्टर कोण आणि मावशी कोण हे पेशंटला कळायला हवं, मान्य. त्याला रंग पुरतो. बांगड्या नकोत, तेही मान्य. पण नव्या नवरीला हिरवा चुडा उतरवायला सांगायचं तर बाजूला घेऊन सांगा, भर वॉर्डात नको.

आणि धुणार कुठे? रक्त लागलं तर आधी गार पाणी, गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग ६० अंशांवर निदान दहा मिनिटं. घरच्या बादलीत ते होत नाही, त्याला हॉस्पिटलची लाँड्री लागते. रोज धुतलेला ड्रेस हवा तर एक अंगावर, एक धुण्यात, एक दोरीवर, आणि पावसाळ्यात चौथा. केंद्र सरकारच्या नर्सेसना सातव्या वेतन आयोगानंतर ड्रेसचे महिन्याला १८०० रुपये मिळू लागले. या सर्क्युलरवाल्यांकडे वर्षाला दोन जोड, शिलाई ज्याची त्याने. चेंजिंग रूम नाही, त्यामुळे आयसीयूचा कोट बसमधून घरी.

ती सिस्टर आता बाह्या कोपरापर्यंत दुमडून सेफ्टी पिन लावते. राउंडला साहेब आले की इन्चार्ज बाई नुसतं खाकरतात, आणि पिन निघते.