कापसाचा भाव आन् माह्या स्पीकरचा बास

कमी पैशातले हायफाय स्पीकर कोणते घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी त्यालाच विचारतो, घरी कापूस आहे का?

मस्करी नाही. मागच्या पावसाळ्यात मी नागपूरहून सेकंडहँड वॉर्फडेल डायमंड आणले, एसटीत मांडीवर घेऊन, उतरलो तेव्हा दोन्ही पाय बधिर. घराणं मोठं आहे हो, गिल्बर्ट ब्रिग्ज नावाच्या माणसानं 1932 साली इंग्लंडातल्या इल्कली गावात घराच्या तळघरात पहिला स्पीकर बनवला तिथून ही कंपनी, आणि ऐंशीच्या दशकात हा डायमंड आला, एवढासा डबा, पण स्वस्तात मस्त म्हटलं की लोक अजूनही त्याचंच नाव घेतात. बाबांनी एक डबा उचलून पाहिला.

"एवढूसाच? याच्यापक्षा तुह्या आजोबाचं मडकं बरं होतं."

मडकं म्हणजे खरोखरचं मडकं. रेडिओतला स्पीकर काढून मडक्याच्या तोंडावर बसवायचा, झाला बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज. शास्त्र तेच आहे, स्पीकरच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो, म्हणून त्याला कोंडायचं. इंग्रजांनी लाकडात कोंडला, आजोबांनी मातीत.

पण लावले तर काय, मागच्या खोलीत वर स्लॅब, खाली फरशी, भिंती उघड्या, तबल्याची एक थाप चार वेळा ऐकू यायची. आई म्हणे, "एकच गाणं दोनदोनदा कायले वाजवतं?" भिंतीपासून लांब ठेवावे म्हणतात म्हणून पुढे ओढले तर धान्याच्या कोठीचा रस्ता अडला, आणि दोन दिवसांत एकावर ओले टॉवेल आणि दुसऱ्यावर लसणाची टोपली.

मग वेचणी झाली. भाव नव्हता, म्हणून बाबांनी कापूस त्याच खोलीत भरला, तीन बाजूंनी पार छतापर्यंत. त्या रात्री सहज लावलं आणि मी उठूनच बसलो बाप्पा! पडसाद गायब, तबल्यावरचं बोट न् बोट वेगळं. शहरात लोक पैसे मोजून भिंतींना फोम लावतात, आमच्याकडे वीस क्विंटल फुकट. फक्त अंग खाजते. आलाप ऐकत पाठ खाजवायची, काही दिवसांनी तालात जमते.

अमरावतीचा मावसभाऊ एलॅक कंपनीचे डेब्यू बी6 स्पीकर घेऊन आला, साडेसहा इंची वूफरवाले, म्हणजे बास वाजवणारा मोठा पडदा, 2015 चे. अँड्र्यू जोन्सनं डिझाइन केलेले, ज्यानं आधी टीएडी नावाच्या महागड्या कंपनीचे लाखालाखाचे स्पीकर केले आणि मग हा, तेव्हा अमेरिकेत 280 डॉलरला जोडी होती. त्या वेळच्या नव्यातला माझ्या मते हाच राजा. माझ्या खोलीत लावले, ऐकले, गडी गप्प. जाताना हळूच म्हणे, "माह्या घरी असे वाजत नाही बे. दोन पोते कापूस देतं का?"

फेब्रुवारीत भाव चढला. सकाळी सकाळी खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात, मागे पिकअप. माझ्या पोटात गोळा. बाबांना बाजूला घेतलं, म्हटलं आणखी थांबा ना पंधराक दिवस, अजून वाढन भाव.

बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. मग आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलं का व? पोरगं शेतीत लक्ष घालून राह्यलं!"