बारा मिनिटं आणि एक कुत्रं

माझं वय ५२. शाळेच्या दाखल्यावर ५२, आधार कार्डावर ५२, पतसंस्थेच्या कागदोपत्रीही ५२. फक्त मनगटावरच्या घड्याळाच्या मते ६७.

हे घड्याळ हिंजवडीत नोकरीला असलेल्या चिरंजीवांनी वाढदिवसाला पाठवलं. पंधरा दिवस त्याने माझी झोप, नाडी आणि चाल गुपचूप बघितली आणि एका सकाळी दाढी करताना 'फिटनेस वय ६७' असा निकाल देऊन मोकळं झालं. पतसंस्था मला ५८व्या वर्षी घरी पाठवणार आहे. घड्याळाने पाठवून वर नऊ वर्षं उलटलीसुद्धा.

त्याच्या अकलेबद्दल मला आधीपासून शंका होतीच. ते हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतं, त्यामुळे आरतीला टाळ्या वाजवल्या तरी माझी चाल सुरू. 'घालीन लोटांगण' येईपर्यंत देव्हाऱ्यासमोर जागच्या जागी पाच-सहाशे पावलं होतात. ती मी बिनतक्रार खिशात घालायचो, हे कबूल करतो.

पण साताऱ्यात राहून धापा टाकणं म्हणजे कोल्हापुरात राहून रस्सा तिखट लागला म्हणण्यासारखं. इथे पहाटे अजिंक्यताऱ्यावर गर्दी असते. जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथेच निघाली. त्यात दरवर्षी ती हिल मॅरेथॉन. २१ किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. निम्मं गाव पळतं आणि उरलेलं निम्मं एकमेकांना विचारतं, "तुम्ही नाही पळालात?" मी आजवर घाटाच्या पायथ्याशी उभं राहून टाळ्या वाजवायचं काम निष्ठेने केलं. यंदा घड्याळाला इंगा दाखवायचा म्हणून पोवई नाक्यावरच्या चहात बोलून गेलो, "आपण उतरणार." चहा संपायच्या आत बातमी सुभेदारसाहेबांपर्यंत पोचली.

सुभेदारसाहेब फौजेतून निवृत्त झालेले. आमच्या भागातल्या हौशी पळणाऱ्यांना फुकट शिकवतात. फुकट असल्यामुळे तक्रारीची सोय नाही. त्यांनी मला नखशिखान्त बघितलं, कमरेशी थोडं जास्त थांबले आणि म्हणाले, "पळायला कुणीही पळेल. आधी माप घेऊ. रविवारी साडेपाचला मैदानावर."

पहिलं माप लवचीकपणाचं. पाय सरळ पसरून बसायचं, तळवे प्लायवूडच्या खोक्याला टेकवायचे, गुडघे न उचलता हात पुढे न्यायचे आणि बोटं पट्टीवर कुठवर पोचतात ते बघायचं. याची तयारी मी शनिवारी रात्री घरी केली. हॉलमध्ये फतकल मारून बोटांकडे झेपावत होतो. नडगीच्या मध्यावर माझी हद्द संपत होती. तेवढ्यात आई आली. वय ७८. थोडा वेळ बघून म्हणाली, "काय पडलंय रे तिथं?" मी काही बोलायच्या आत ती वाकली, माझ्या अंगठ्यापलीकडून लसणाचं एक साल उचललं, उभी राहिली आणि म्हणाली, "एवढ्यासाठी बसलास होय!" गुडघे वाकले नव्हते. मी बघितलं.

रविवारी मैदानावर पोलीस भरतीची पोरं आधीच हजर. दवात भिजलेले बूट, गोळाफेकीचे दणके, सोळाशे मीटरची तयारी. त्यांच्या मधोमध मी, नव्या कोऱ्या ट्रॅकसूटमध्ये, लेबल तोडायचं राहिलेला. सुभेदारसाहेबांनी दर पन्नास मीटरवर चुन्याची खूण केली होती.

"कूपर टेस्ट. बारा मिनिटं. पळा, चाला, काय करायचं ते करा, पण थांबू नका. किती अंतर जाता ते बघू."

हा कूपर म्हणजे अमेरिकी हवाई दलातला डॉक्टर. वैमानिकांना यंत्राला जोडत बसण्यापेक्षा मैदानावर पळवून दम मोजावा, ही त्याची १९६८ सालची युक्ती. अंतरातून ५०४.९ वजा करायचे, उरतील त्याला ४४.७३ ने भागायचं. आलेला आकडा म्हणजे तुमचं शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. मिनिटाला, किलोमागे, मिलिलिटरमध्ये. पतसंस्थेत चक्रवाढ व्याज काढणाऱ्याला सूत्र दिसलं की चैन पडत नाही. मी तोंडी हिशेब केला. समजा एखादा ५०४.९ मीटरच्या आतच बसला, तर उत्तर उणे येतं. म्हणजे तो माणूस ऑक्सिजन घेत नाही, सोडतो. वडापिंपळाच्या पंक्तीला बसला. आपण किमान झाडाच्या वर राहायचं, एवढं माफक ध्येय ठरवून मी रेषेवर उभा राहिलो.

शिट्टी झाली. पहिली दोन मिनिटं सुंदर गेली. शाळेत मी कबड्डी खेळायचो, हे गेली पस्तीस वर्षं सांगत आलोय, ते खरं वाटायला लागलं. तिसऱ्या मिनिटाला डाव्या बरगडीखाली कळ आली. चौथ्याला मैदानावरचं एक तांबडं कुत्रं मला सामील झालं. ते पळत नव्हतं. ते चालत होतं, माझ्याशेजारून, मधूनमधून वर बघत.

"काका, हात हलवा! हात हलवले की पाय आपोआप येत्यात!" भरतीचा एक पोरगा तिसऱ्यांदा मला मागे टाकताना ओरडला.

सहाव्या मिनिटाला सुभेदारसाहेब शेजारी आले. "सहा ते वीसमध्ये किती दम लागलाय?" ही बोर्ग नावाच्या स्वीडिश माणसाची पट्टी. सहा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे संपलं. सुरुवात सहापासून का, तर आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके यावेत म्हणून.

"वीस," मी म्हणालो.

"वीस असणाऱ्याला वीस म्हणता येत नाही. तेरा लिहितो."

घड्याळ मात्र माझ्या बाजूने होतं. १७६ ठोके! २२० मधून वय वजा केलं की हृदयाची कमाल मर्यादा मिळते म्हणतात. त्या हिशेबाने माझी १६८. (वाढदिवसाला लोकांना काहीतरी मिळतं, या सूत्रात एक ठोका कापून घेतात.) म्हणजे मी माझ्या कमाल मर्यादेच्या आठ ठोके पलीकडे जिवंत होतो. मी मनगट पुढे केलं. साहेबांनी बघितलंही नाही. "ते सरासरीचं गणित आहे. माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे. पळा."

बाराव्या मिनिटाला शिट्टी झाली तेव्हा मी १३८० मीटरवर होतो. भरतीच्या पोरांचे सोळाशेसुद्धा पुरे झाले नव्हते. उत्तर आलं साडेएकोणीस. वहीत आकडा लिहून साहेब काही बोलले नाहीत. फौजेतली माणसं वाईट बातमी घरी पत्राने कळवतात.

घरी येऊन मी नको तो उद्योग केला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओच्या ऑलिंपिकमध्ये, २०१६ साली, तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. वाटेत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. जिल्हा एकच, पाऊस-पाणी साधारण एकच (खरं तर माणमध्ये पाऊस कमीच), आणि मी बारा मिनिटांत तिच्या निम्मंही अंतर गेलो नाही. माझ्या वाटेत अडथळा एकच होता आणि तो शेपूट हलवत होता.

दीड महिना मी रोज पहाटे गेलो. पेढे सोडले, मोती चौकातून जाताना मान वळवायची नाही असा नियम केला. दुसऱ्या चाचणीत १५२० मीटर झाले. भागाकार करून साहेब म्हणाले, "बावीसच्या वर. चांगलंय." मी छाती फुगवली. "घाट पुढच्या वर्षी बघू."

मॅरेथॉनच्या दिवशी पहाटेच पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. भुरभुर पाऊस होता. पुढची मंडळी धुक्यात शिरली, मागून माणसांचा लोंढा आला आणि मी टाळ्या सुरू केल्या. पतसंस्थेतला शिपाई गेला, आमचे दातांचे डॉक्टर गेले, सुभेदारसाहेब गेले, आमच्याकडे न बघता. शेवटी भरतीचा तो पोरगा आला. मला ओळखून लांबूनच हसला.

"काका, हात हलवा!"

मी जोर वाढवला. मनगटावर घड्याळ थरथरलं. दहा हजार पावलं पूर्ण, अभिनंदन.