बारा चॅनल म्हणे!

भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं, मिक्सरवर बारा चॅनल, खोक्यावर यूएसबीचं चित्र, मग दर चॅनलचा एक असे बारा ट्रॅक वेगळे मिळणार असंच वाटणार की वो! पण असल्या बऱ्याच मिक्सरांतून कॉम्प्युटरात जातात दोनच, सगळं एकत्र मिसळलेले लेफ्ट नि राइट. पखवाज वर आला, पेटी बुडाली, आता काय डोंबल वेगळं करणार? खडेबाजारात विचारलं तर 'सर, सेम टू सेम'. बरं, एखादा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) बघा, वर छापलंय १८ इनपुट आणि माइकला जागा चारच, ४ लाइनचे, २ एसपीडीआयएफ (डिजिटल जोडणी), उरलेले ८ एडॅट (एकाच ऑप्टिकल केबलमधून येणारे), म्हणजे त्यासाठी आणि एक प्रीअँपचा, माइकचा आवाज वाढवणारा, डबा घ्या (पैसे झाडाला लागलेत ना), वर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो दर) ९६ किलोहर्ट्झ केला की त्या आठाचे चार! आणि शहाणे सांगतात दोन-तीन यूएसबी माइक लावा, अरे पण एएसआयओ (विंडोजवर रेकॉर्डिंगसाठी वापरतात ती ड्रायव्हरची पद्धत) एका वेळी एकच ड्रायव्हर, म्हणजे एकच माइक धरतं, मग अख्ख्या भजनी मंडळानं काय पाळीपाळीनं गायचं?