स्वीट पी म्हणजे वाटाणा नव्हे, आत्या!

परवा सकाळी फॅमिली ग्रुपवर आत्याचा फोटो आला. कळंब्यातल्या घराची गच्ची, सुतळीवर चढलेले स्वीट पीचे, म्हणजे वासाच्या फुलांसाठी लावतात ते वेल आणि पुढं स्टीलच्या ताटात मूठभर शेंगा. खाली लिहिलेलं, 'नाती सोलायला बसल्यात, संध्याकाळी मसालेभात.' रंकाळ्याजवळ गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला, म्हटलं आत्या आधी ते ताट पोरींच्या पुढनं उचल. तर म्हणते, "का रे? मेसेजमध्ये लिहिलंय की, ह्यो वाटाण्याचाच प्रकार हाय."

तो मेसेज तुमच्याकडंपण आला असणार. 'दुर्मिळ विदेशी फुलं घरच्या घरी, नर्सरीवाले हे कधीच सांगणार नाहीत.' सगळं बी रात्रभर गरम पाण्यात भिजवा, बोटभर खोल पुरा, 15 दिवसांत फुलं, कुंडीत नीळ घाला म्हणजे फूल निळं, उगवत नसेल ते बी फ्रिजात ठेवा, एकदा बी धरलं की जन्मभर विकत घ्यायला नको, आणि वर बोनस म्हणून स्वीट पीच्या शेंगा खा. लिहिणाऱ्यानं आयुष्यात एक कुंडी भरली नसणार, पैज लावून सांगतो.

शेंगांपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांत फार तर पाकिटाचे पैसे जातात. वाटाणा म्हणजे पायसम सॅटिव्हम आणि स्वीट पी म्हणजे लॅथिरस ओडोरॅटस. कुळ एकच आहे, मान्य. पण गुंजसुद्धा त्याच कुळातली, म्हणून कोणी गुंजांची उसळ करतंय का? आणि लॅथिरस हे नाव आपल्याला नवीन नाही. लाखेची डाळ ऐकलीय ना, ती लॅथिरसच. महिनोन्महिने तीच खाऊन लोकांच्या पायातलं बळ कायमचं गेलं, म्हणून 1961 मध्ये केंद्रानं तिच्या विक्रीवर बंदी आणली होती. स्वीट पी ही तिची सख्खी बहीण. हिच्या बियातलं विष वेगळं, बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल असं लांबलचक नाव आहे, ते नसांवर नाही तर हाडं आणि सांधे धरून ठेवणाऱ्या कोलॅजनवर जातं. उंदरांना हे बी खाऊ घातलं तेव्हा त्यांची हाडं वाकडी झाली. आता एखादा दाणा चुकून पोटात गेला म्हणजे आभाळ कोसळलं असं मी म्हणत नाही, पण पातेलंभर मसालेभातात टाकून लहान पोरांना वाढायची ही गोष्ट नव्हे, आणि पोरानं मूठभर खाल्लंच असेल तर मेसेज शोधत बसू नका, डॉक्टरकडं जा.

ओळखायला सोपं आहे खरं तर. शेंगेवर बोट फिरवा, वाटाण्याची गुळगुळीत लागते आणि स्वीट पीची लवदार, बारीक केसाळ. वाटाण्याच्या देठापाशी पानासारखे मोठे दोन कान असतात, स्वीट पीला तसले नसतात. आत्याला फोनवर हेच करायला लावलं. दोन मिनिटं गप्प, मग हळूच, "व्हय रे, केसं हाईत."

आता 'सगळं बी गरम पाण्यात आणि बोटभर खोल'. ह्यातलं अर्ध खरं आहे आणि ते नाइलाजानं कबूल करतो. स्वीट पी, मॉर्निंग ग्लोरी असल्या टणक सालीच्या बिया कोमट पाण्यात रात्रभर ठेवल्या तर फायदाच होतो. पण पिटुनिया? एका ग्रॅममध्ये दहाएक हजार बिया बसतात. आत्यानं त्या भिजवल्या, सकाळी चहाच्या गाळणीनं गाळल्या, निम्म्या मोरीत गेल्या आणि उरलेल्या जाळीला चिकटल्या. साल्व्हिया भिजवाल तर आणखी मजा, तो सब्ज्याच्याच घराण्यातला, वाटीत नुसता बुळबुळीत गोळा.

आणि खोलीचं म्हणाल तर 1952 सालीच अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी शेती संशोधन केंद्रात लेट्यूसच्या बियांवर उजेडाचं हे तपासून झालंय. भिजलेल्या बियांवर लाल उजेड पाडला की उगवतात, त्याच्यानंतर लालच्या पलीकडचा उजेड पाडला की थांबतात, परत लाल पाडला की परत उगवतात, म्हणजे शेवटचा उजेड कुठला होता ते बी लक्षात ठेवतंय. पिटुनियाच्या बियालाही उजेड लागतो. बोटभर खाली पुरलंत तर उजेड नाही, आणि अंधारात चुकून उगवलंच तरी एवढ्याशा बियाच्या पोटात वर यायला शिदोरी कुठली? मी चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत बी मिसळून ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरतो, वाटीच्या बुडानं हलकं दाबतो आणि ट्रे पाण्याच्या परातीत ठेवतो, खालनं पाणी ओढून घेतंय. वरनं माती टाकत नाही. ते पण गणपती झाल्यावर, पाऊस ओसरला की. जुलैतल्या आपल्या पावसात केलंत तर रोपं मानेतनं कुजून आडवी पडतात.

15 दिवसांत फुलं हे वाचून मला हसूच आलं. 15 दिवसांत पिटुनियाचं रोप मुगाच्या डाळीएवढं असतंय. फुलं यायला अडीच-तीन महिने धरा. आपला तेरडासुद्धा दीड-दोन महिने घेतो, आणि तो तर इथलाच.

निळीचं काय बोलायचं. निशिगंधाच्या तोडलेल्या काड्या रंगीत पाण्यात ठेवल्या की पाकळ्या रंगतात, हे खरं, फुलवाले करतात. पण मुळांतनं कपड्याची नीळ पाकळीपर्यंत जात नाही, माती तेवढी निळी होते. निळं फूल पाहिजे तर निळं फुलणारंच बी लावा ना, निगेला आहे, कॉर्नफ्लॉवर आहे. गंमत म्हणजे कॉर्नफ्लॉवरचा निळा आणि लाल गुलाबाचा लाल, दोन्हींच्या मुळाशी रंगद्रव्य एकच, सायनिडिन. कॉर्नफ्लॉवरमध्ये ते लोह आणि मॅग्नेशियमला धरून बसतं म्हणून निळं दिसतं. ही जोडणी पाकळीच्या आत होते, बादलीत नाही.

बी धरण्याचं थोडक्यात सांगतो. साधा झिनिया, कॉसमॉस खुशाल धरा. पाकिटावर एफ-वन, म्हणजे दोन वाणांचा पहिल्या पिढीचा संकर, असं लिहिलेलं असेल तर पुढच्या वर्षी काय रंग निघेल ते देवाला ठाऊक.

राहिला फ्रिज. ही एक गोष्ट मेसेजवाल्याला कुठनं तरी बरोबर सापडलीय, पण सगळ्या बियांना नाही. लार्क्सपरला गारवा लागतो, आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात तो रुसून बसतो. ओलसर टिश्यूत गुंडाळून डबीत घालून दोन आठवडे फ्रिजात ठेवला की मग उगवतो. फक्त त्याचं बी काळं, बारीक, लांबनं कांद्याच्या बियासारखं दिसतंय, आणि तेही विषारी. आत्यानं डबी कलौंजीच्या शेजारी ठेवलेली. मी रविवारी जाऊन त्या डबीवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून आलोय, 'फोडणीत टाकू नये'.