सेट काय म्हणतो

विसर्जनाच्या दिवशी मंडळाने माझ्या हातात वॉकीटॉकी कोंबला. काम एवढंच, की बेलबाग चौकात उभं राहायचं आणि पुढचं मंडळ लक्ष्मी रस्त्याला लागलं की मागे कळवायचं. "बटण दाबा आणि बोला, काका," असं सांगून तो पोरगा गुलालात गडप झाला. (काका! मी बेचाळीसचा आहे.)

मी बटण दाबलं. पिप-पिप-पिप. दचकून सोडलं. थोड्या वेळाने सेट आपणहून 'टिक्' म्हणाला. पुन्हा दाबलं तर बूंऽऽ. प्रत्येक आवाजाला मी इमानेइतबारे 'हॅलो' म्हणत होतो.

शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. ते मान तिरकी करून ऐकत होते.

"मोर्स आहे," ते म्हणाले.

"नाही हो, बॅटरीबिटरी असेल."

"31 वर्षं तारखात्यात काढलीत मी. सरकारने 2013 च्या जुलैत तार बंद केली. मोर्स नाही बंद केला." खिशातून औषधाचं बिल निघालं, पेन्सिलही निघाली. "तीन टिंबं म्हणजे एस. एक टिंब ई. लांब रेघ टी. एस, ई, टी. सेट! 'सेट' म्हणतोय तो."

"सेट काय?"

"ते पुढे येईल. बटण दाबा. आणि धरून ठेवा, तुम्ही सोडता म्हणून मजकूर तुटतोय."

आता सांगताना लाज वाटते, पण मी धरून ठेवलं. पिप-पिप-पिप. "एस," आजोबांनी लिहिलं. मग काहीच वाजेना. तेवढ्या शांततेत (शांतता सेटची, बाजूला चाळीस ढोल होते) आजोबांनी मला त्यांचं प्रमोशन कोणी अडवलं, पेन्शनीत किती रुपये कमी बसले आणि त्यांचा जावई कसा बिनकामाचा आहे, हे ढोलांच्या वर आवाज काढून सांगितलं. शेवटी बूंऽऽ.

"टी!" आजोबांनी मांडीवर थाप मारली.

तेवढ्यात पोरगा धावत आला. मागोमाग अर्धं मंडळ हसत आलं. आमच्यापुढचं मंडळ केव्हाच निघून गेलं होतं आणि मधल्या मोकळ्या जागेत तिसरंच मंडळ घुसलं होतं.

"काका, पिपिपिप म्हणजे लाइन मिळाली, बोला. दाबल्या दाबल्या बूं झालं तर दुसरं कोणीतरी बोलतंय, थांबा. टिक म्हणजे बॅटरी उतरली. आणि दाबून ठेवलं की 60 सेकंदांनी सेट आपलं तोंड आपणच बंद करतो, नाहीतर एकट्याने सगळ्यांची लाइन अडवली असती. तुम्ही अडवलीच. जावयापर्यंतचं सगळं ऐकलं आम्ही. इतकं साधं कळत नाही?"

नाही कळत. सकाळी सांगितलं असतंत तर कळलं असतं. पाल चुकचुकली तर तिचा अर्थ निदान घराघरांत ठरलेला असतो. इथे कुठला आवाज कशासाठी, हे सेट भाड्याने देणाऱ्याने मशीनमध्ये जसं भरलं असेल तसं. पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून सेट आणले की बूंचा अर्थ बदलणार, आणि तेव्हाचा पोरगाही "इतकं साधं" म्हणणार. घरी वॉशिंग मशीन पिपतं, फ्रिज पिपतो, ओव्हन पिपतो. कोणी सरळ "दार उघडं राहिलंय" असं म्हणत नाही. शहाण्या माणसाने उठून सगळी दारं तपासत फिरायचं. ज्याने हे आवाज ठरवले त्याला ते समजतात, म्हणून बाकीचे सगळे ढ.

मी हे सगळं त्या पोराला सुनावणार होतो. पण तो सेट माझ्या हातातून काढून घेत होता, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीने मान टाकली.

"मध्येच तोडलंत," आजोबा त्याच्यावर खेकसले. घड्याळात बघून त्यांनी बिलाच्या मागे वेळ लिहिली आणि ते बिल सहीसाठी माझ्यापुढे धरलं.

मी सही केली.