अर्धा किलोचं खोकं आणि दीड मीटरवरचा पडदा

व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवून त्यातल्या आभासी पडद्यावर मी कॉम्प्युटरचं काम करतो, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘डोळ्यांपुढे दोन इंचांवर पडदा, डोक्याला अर्धा किलोचं खोकं, आणि याला म्हणे आरामात बसून काम! त्यापेक्षा दोन मॉनिटर घ्या.’ मुद्दा हाच ना?

खोक्याचं म्हणाल तर शंभर टक्के मान्य. माझ्या हेडसेटचं, म्हणजे मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ चं, वजन ५१५ ग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं नाकापुढे. सोबत आलेला कापडी पट्टा मी आठवड्यात काढला. मागे बॅटरी असलेला कडक पट्टा लावला. एकूण वजन वाढलं, पण गालांवरचे वळ गेले. मॉनिटर नजरेच्या खाली हवा, हा टेबलावरचा नियम मात्र इथे जपून पाळायचा. मान झुकली की ते ओझं मानेवर येतं. म्हणून हेडसेटमध्ये दिसणारी कामाची विंडो किंचितच खाली ठेवतो, नुसती नजर खाली जाईल इतपत.

दोन इंचांचं मात्र पटत नाही. भिंगांमुळे चित्र लांबचं होतं. बहुतेक हेडसेटमध्ये डोळ्यांचा फोकस साधारण सव्वा ते दोन मीटरवर असतो, आणि तिथून तो हलत नाही. खरी गोची पुढे आहे. विंडो जवळ ओढली की दोन्ही बुबुळं आत वळतात, फोकस मात्र लांबच राहतो. मी सुरुवातीला लॅपटॉपच्या सवयीने विंडो हातभर अंतरावर लावली होती. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं. आता दीड मीटरवर, पण मोठी. अक्षरंही मोठी लागतात: दोन फुटांवरच्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर नजरेच्या एका अंशात चाळीसेक पिक्सेल (चित्राचे ठिपके) बसतात, इथे पंचवीसच्या आसपास. बारीक आकड्यांचं एक्सेल मी आजही लॅपटॉपवरच करतो.

विंडोच्या मागे हलत्या चांदण्यांचा देखावा लावायची हौसही करून झाली. वीस मिनिटांत मळमळलं. आता मागे स्थिर खोली असते, आणि विंडो डोक्याबरोबर फिरत नाही.

आणि हो, हेडसेटच्या कॅमेऱ्यांमधून कीबोर्डापुरती खरी खोली दिसू देतो. पहिल्या दिवशी आईने चहा ठेवला, मला दिसलाच नाही, आणि एंटरचं बटण अजून चिकटतं.

राहिले दोन मॉनिटर. कर्वेनगरातल्या माझ्या खोलीत टेबल एकच, इस्त्रीसुद्धा त्यावरच होते. हिंजवडीच्या ऑफिसात दोन मॉनिटर आहेत. तिथे मी हे खोकं नेत नाही.